लांबच्या प्रवासाआधीच्या भेटीगाठी: अकरा दिवस, त्रेचाळीस घरं आणि पाऊस

खाडीपलीकडची | २८ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी नर्स आहे, सहा वर्षं मुंबईत. रात्रपाळ्या सांभाळत जर्मनची बी-टू परीक्षा दिली, कागदपत्रं झाली, व्हिसा आला. २१ जुलैला पहाटेचं विमान. करार तीन वर्षांचा आहे, आणि पहिल्या दीड-दोन वर्षांत तरी येणं होणार नाही हे आत्ताच दिसतंय. रजा मिळेल हो, तिकिटाचे पैसे कुठून आणू? कर्ज काढून चाललेय.

गाव आचऱ्याच्या खाडीपलीकडे, मालवण तालुक्यात. ४ जुलैला कोकणकन्येनं निघायचं, १६ ला परत मुंबई. म्हणजे हातात धरून चाला अकरा दिवस. काल आईनं फोनवर कोणाकोणाला भेटायचं ते सांगायला घेतलं, मी वहीत लिहीत गेले. त्रेचाळीस घरं झाली! भावकीची चौदा, आईच्या माहेरची नऊ, शाळेच्या बाई, ज्यांनी नर्सिंगच्या फीला हातभार लावला ते काका, आणि "तिच्याकडे नाही गेलीस तरी चालेल, पण गेलीस तर बरं" अशी अकरा. एक घर सुटलं की पुढची तीन वर्षं आईला ऐकावं लागणार, "आमच्या दारावरसून गेला, पण पायरी चढला नाय."

त्यात जुलै. सगळी माणसं लावणीत. दिवसा घरात कोणी सापडत नाही, संध्याकाळी दमून लवकर आडवी होतात. मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद, त्यामुळे कोणाकडे जेवायला गेलं तरी त्या बाईला काय करू नि काय नको असं होणार.

आणि शेवटचं, ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले. माझी आजी. वय नव्वदीच्या आसपास, तिलाही नक्की ठाऊक नाही. आई-बाबा दोघंही कामाला जायचे, मी तिच्याच हाताखाली वाढले. मागच्या महिन्यात तिला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "तीन वर्सां म्हणजे किती चवथी गो?" मी म्हटलं तीन. तिनं बोटं मोडून मोजली आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

तुमच्यापैकी जे लांब गेलात, त्यांनी हे कसं केलं? त्रेचाळीस घरांचं विचारतेय, आणि आजीचंही.

तिरफळ | २९ जून, सकाळी ७:१५

अभिनंदन! बी-टू म्हणजे खायचं काम नाही.

उपाय सोपा आहे. घरी सत्यनारायण घाला, सगळ्यांना एकाच दिवशी बोलवा. प्रसाद, जेवण, पाया पडणं, आशीर्वाद, सगळं एका दुपारी. मग फक्त ज्यांना चालवत नाही त्यांच्याकडे जायचं. आम्ही मुलाच्या वेळी असंच केलं. कोणी रुसलं नाही. एक आत्या रुसली, पण ती मुलाच्या बारशालाही रुसली होती.

चाकरमानी नंबर एक | २९ जून, सकाळी ९:०२

तिरफळकाकू, तुमचा मुलगा मे महिन्यात गेला असणार. लावणीच्या दिवसांत सत्यनारायणाला कुत्रं येणार नाही. तरवा (भाताची रोपं) काढून ठेवलेला, जोतवाला मिळालेला, पाऊस धरलेला, अशा दिवशी कोण सोवळं नेसून बसेल?

खाडीपलीकडची, तुम्ही मळ्यात जा. खरंच सांगतो. आमच्याकडे जुलैमध्ये माणसं भेटतात ती कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात. एका बांधावर उभं राहिलं की सहा घरं एका जागी. छत्री घरी ठेवा, जुने कपडे घाला.

रातांबा | २९ जून, दुपारी १:३०

मी जर्मनीत सात वर्षं आहे, श्टुटगार्टजवळ. भेटीगाठींचं बाकीचे सांगतील, मी पिशव्यांचं सांगतो. कारण त्रेचाळीस घरं म्हणजे त्रेचाळीस पिशव्या, हे तुम्ही लिहायचं विसरलात.

युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे घरचं तूप नाही, पेढे नाहीत. काकीनं कितीही रडून दिले तरी नाहीत. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यातून सुटलेली पाचच: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. आंबा त्यात नाही, पण जुलैत तो तसाही संपला असेल.

आता गंमत बघा. नारळाला युरोपची हरकत नाही, पण सुकं खोबरं विमानातच चढू देत नाहीत. हातातल्या पिशवीत नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही. तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात ते मोडतं. माझी पहिल्या खेपेची वाटी मुंबईच्या विमानतळावर राहिली.

आणि मासे? माणशी २० किलोपर्यंत चालतात! सोडे, सुकट, सुका बांगडा निर्धास्त न्या. फक्त तीन पिशव्यांत बांधून वर घट्ट झाकणाचा डबा. माझ्या एका मित्राचे सगळे कपडे पहिल्या थंडीभर सुकटीचा वास मारत होते. नव्या नोकरीवर जर्मन माणसं काही बोलत नाहीत, नुसती खिडकी उघडतात.

कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, कोकमाचं आगळ, फणसपोळी, खाजं हे सगळं बिनधास्त. आगळाची बाटली मात्र हातातल्या बॅगेत घेऊ नका, १०० मिलिलिटरच्या वर द्रव नेऊ देत नाहीत.

स्पष्टवक्ता | २९ जून, दुपारी ३:४८

तीनच वर्षं. व्हिडिओ कॉल आहे, मेसेज आहेत. आमच्या वेळी आखाती देशात गेलेला माणूस दोन वर्षं पत्रावर काढायचा. एवढा निरोपसमारंभ कशाला? दोन दिवस आईकडे राहा, उरलेले दिवस आराम करा. तिकडे गेल्यावर झोप मिळणार नाही.

माहेरवाशीण | २९ जून, सायंकाळी ६:२०

स्पष्टवक्ता, नव्वदीच्या आजीबरोबर व्हिडिओ कॉल केलाय कधी? माझ्या सासूबाई फोन कानाला लावतात. पंधरा मिनिटं आम्ही त्यांचा कान बघतो.

खाडीपलीकडची, एक काम कर. आजीच्या पेटीतले जुने फोटो काढ आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं नावं लिही, ती सांगेल तशी. माझ्या आईचे फोटो आता माझ्याकडे आहेत, अर्धे चेहरे कोणाचे ते सांगणारं कोणी उरलेलं नाही.

पडवी | ३० जून, सकाळी ८:००

जरा रुक्ष लिहितो, राग मानू नका. भावकीतली चौदा घरं म्हणालात. त्यातल्या एका तरी घरी चहाबरोबर सातबारा बाहेर येईल. "तू आता जातंस, मग ह्या कागदार सही करून जा." माझ्या बाबतीत निघायच्या आदल्या संध्याकाळी आला. घाईत सही केली, आठ वर्षं निस्तरतोय.

घाईत काहीही सही करू नका. जमिनीचं काही असलंच तर आई किंवा बाबांच्या नावे, ठरावीक कामापुरतंच मुखत्यारपत्र करा आणि जाण्याआधी दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. तिकडे गेल्यावर करायचं म्हटलं तर वकिलातीच्या फेऱ्या, आणि कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं, एवढा व्याप आहे.

चाकरमानी नंबर एक | ३० जून, सकाळी ८:४१

पडवी, +१. आमच्याकडे सातबारा फणसाच्या गऱ्यांबरोबर आला होता.

बोटवाला | ३० जून, रात्री १०:५५

सव्वीस वर्षं बोटीवर काढली. दरवेळी सहा-नऊ महिने. तेव्हा निघण्याची सवय आहे म्हणायला हरकत नाही.

लोक शेवटच्या दिवसासाठी सगळ्यात जवळची माणसं राखून ठेवतात. मीही ठेवायचो. चूक आहे. शेवटच्या दिवशी बॅग, वजनकाटा, रिक्षा, "पासपोर्ट घेतलास ना?" यातच सगळं जातं, आणि त्या माणसासमोर तुम्ही घड्याळ बघत बसता. म्हाताऱ्या माणसांकडे पहिल्याच दिवशी जा. म्हणजे परत जाता येतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग कुठली भेट शेवटची ते तिलाही कळत नाही आणि तुम्हालाही.

आणि समोरासमोर बसू नका. बसलं की "सांभाळून राहा" आणि "जेवत जा" यापलीकडे बोलणं जात नाही. काहीतरी काम काढा. माझी नि बापाची शेवटची भेट विहिरीवर झाली. पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी धरत नव्हता. दोघं मिळून पाइप वर ओढत होतो, तो मला शिव्या घालत होता, मी त्याला. दोन तास. तेवढ्यात त्यानं मला त्याच्या लहानपणीच्या अशा गोष्टी सांगितल्या, ज्या आधी कधी सांगितल्या नव्हत्या. तो गेला तेव्हा मी सिंगापूरच्या अँकरेजला होतो. घरी पोचलो तो बाराव्याला.

पंप अजून चालू आहे.

माहेरवाशीण | ३० जून, रात्री ११:१०

बोटवालादादा, __/\__

आचऱ्याचो | १ जुलै, सकाळी ६:५०

आमच्या गावाची गावपळण ठाऊक असंलच. दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराच्या कौलानं अख्खं गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबडी, कुत्रीमांजरं, सगळी. तीन दिवस, तीन रात्री माळावर झोपडीत राहायचं. घरं उघडी टाकून. मग पुन्हा कौल लागला की परत. आमची म्हातारी माणसं त्या दिवसांत लहान पोरांसारखी होतात. माझी आजी सांगायची, गाव सोडल्याशिवाय गाव दिसत नाही.

अवांतर झालं. गाऱ्हाणं घालायला विसरू नको.

खाडीपलीकडची | १८ जुलै, रात्री १२:१५

मुंबईत आले. बॅगा भरून झाल्यात, झोप येत नाही, म्हणून लिहिते. सगळ्यांचे आभार एकदम मानते.

त्रेचाळीसपैकी एकोणतीस घरं झाली. बाकी चौदांचं आई बघून घेईल म्हणाली. आईनं हे एवढ्या सहज म्हटलं की मलाच राग आला, मग यादी कशाला दिलीस?

चाकरमानी, तुमचं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मळ्यात गेले. मोठी काकी गुडघाभर चिखलात वाकलेली, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. मी बांधावरून हाक मारली. मान वर न करता म्हणाली, "भेटाक इलंस मां? मग उतर खाली." उतरले. तरव्याची मूठ हातात दिली. बारावीनंतर पहिल्यांदा लावणीला हात लागला. माझी ओळ वाकडी, सगळ्या हसतायत. शेजारच्या वाडीतल्या दोघी जणी होत्या, त्यांनी जर्मनीत भात पिकतं का विचारलं. नाही म्हटल्यावर, "मग जेवतत काय?" दहा वाजता बांधावर पेज आली. उकड्या तांदळाची, वर भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा तुकडा. हात धुवायला पावसाचंच पाणी. त्या एका सकाळी सात घरं झाली, आणि कोणालाही माझ्यासाठी काही वेगळं करावं लागलं नाही. नंतर तीन दिवस कंबर धरली होती ती गोष्ट वेगळी.

पडवी, सातबारा आला. खरवसाबरोबर. सही केली नाही. काका दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी स्वतःच काजूगराची पिशवी घेऊन आले. मालवणला जाऊन बाबांच्या नावे मुखत्यारपत्र नोंदवून आले, त्यात अख्खा दिवस गेला.

शाळेच्या बाई भेटल्या नाहीत. मुलाकडे पुण्याला गेल्यात कायमच्या. घराला कुलूप, पायरीवर शेवाळ. फोन नंबर मिळाला, पण अजून केलेला नाही. काय बोलायचं ते सुचत नाहीये, शाळेत होते तशीच.

गाऱ्हाणं झालं. देवळात आम्ही पाच जण आणि पाऊस. गावकरकाका एरवी मुलुखाचा तोतरा माणूस. पण नारळ ठेवून उभे राहिले की एक अक्षर अडत नाही: "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरू आज सातासमुद्रापलीकडे चाललाहा, त्येका थंय काय अडलानडला, दुखलाखुपला, तर पाठीशी उभो र्‍हव रे म्हाराजा..." आणि आम्ही "व्हय म्हाराजा". बाबांचा आवाज तिसऱ्या "व्हय"ला फुटला. मग त्यांनी खोकल्याचं सोंग केलं.

आता आजी.

बोटवालादादा, तुमच्या सांगण्याप्रमाणे पोचले त्याच दुपारी तिच्याकडे गेले. ती काकाकडे राहते, आमच्या घरापासून हाकेवर. मग रोजच जात राहिले. फोटो काढून बसलो, माहेरवाशीणताई, पण तिला आता फोटोतलं दिसत नाही. चेहऱ्यावर बोट फिरवून "ह्यो कोण?" असं तीच मला विचारते. अकरा फोटोंवर नावं लिहिली, तीही साडीचा रंग, मागचं झाड वगैरे मी वर्णन केल्यावर तिनं ओळखलेली.

दोन डोळ्यांपैकी एकाचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला ती तयार नाही. तरी गोधडी शिवते. बोटांनी चाचपून टाका घालते, आणि टाका सरळ पडतो! जुन्या लुगड्यांचे थर, कडेला काठ. अडतं ते एकाच जागी, सुईत दोरा ओवताना. शाळेतनं चुलतभावाची मुलं येईपर्यंत ती सुई हातात घेऊन बसून राहते. मुलं कधी ओवून देतात, कधी पळून जातात.

निघायच्या दोन दिवस आधी तिनं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा पुढे सरकवला. "सुयेत दोरो ओवन दी गो." एक ओवली. "आणखी." दुसरी. मग मी सायकल काढली, बाजारातून सुयांची चार पाकिटं आणि दोऱ्याची रिळं आणली. पुठ्ठ्याचे तुकडे कापले, प्रत्येक सुईत हातभर नाही, चांगला दोन हात दोरा ओवून पुठ्ठ्याला गुंडाळला आणि सुई वर खोचली. ती गाठी मारत होती. तिच्या गाठीची सर मात्र माझ्या गाठीला येत नाही, तिची बोटाला वळसा घेऊन एका झटक्यात बसते. मला शिकवायला तिनं सहा वेळा करून दाखवली. मला अजून येत नाही.

दुपारभर ते चाललं. बोलली काय? तिच्या सासूबद्दल बोलली. खाडीला पूर आला तेव्हा होडीतून गुरं नेली त्याबद्दल. लाल दोरा जास्त ओव, पांढरा मळतो, असं. जर्मनीचं नाव एकदाही नाही.

चव्वेचाळीस सुया झाल्या. डबा बंद करून तिनं तो उशाशी ठेवला, आणि मला म्हणाली, "आता जा, काळोख पडता हा."

तिरफळ | १८ जुलै, सकाळी ७:३०

सकाळी सकाळी काय वाचायला लावलंत.

रातांबा | १८ जुलै, सकाळी १०:१२

शाळेच्या बाईंना विमानतळावरून फोन करा. तिथे सगळ्यांनाच काहीतरी बोलायला सुचतं.

वेळेचं लक्षात ठेवा: आत्ता आपल्यात साडेतीन तासांचा फरक आहे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो साडेचार होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेतीन. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही. तिच्या मते मी मुद्दाम उशिरा फोन करतो.

सोडे किती घेतलेत?

खाडीपलीकडची | १८ जुलै, सकाळी १०:४०

दोन किलो. आईनं डब्याला बाहेरून मेणकापड शिवलंय. अक्षरशः शिवलंय.

स्पष्टवक्ता | १८ जुलै, दुपारी ४:०५

प्रवास सुखाचा होवो. (मी व्हिडिओ कॉलचं बोललो ते मागे घेतो.)

खाडीपलीकडची | ३० ऑगस्ट, रात्री ९:२०

धागा वर काढतेय, माफ करा.

पोचले, रुजू झाले, खोली मिळाली. सकाळपाळी दोनला सुटते, तेव्हा गावी साडेपाच वाजलेले असतात. आजी तेव्हा ओटीवर असते, काकी फोन धरते. आम्हीही कानच बघतो, माहेरवाशीणताई.

काल ती म्हणाली, नऊ उरल्यात. मी म्हटलं, पस्तीस संपल्या? दीड महिन्यात? तर कळलं की शेजारणी येऊन नेतात, "तुमच्या ओवलेल्या आसत मां, एक दिया." आणि ती देते!

चतुर्थीला अजून दोन आठवडे आहेत. भाऊ या वर्षी येत नाहीये, त्याची परीक्षा आहे.

चाकरमानी नंबर एक | ३० ऑगस्ट, रात्री ९:३३

कुठली वाडी? मी चतुर्थीला आचऱ्याला सासरवाडीत आहे, पाच दिवस. पूल ओलांडला की तुमच्याकडेच. माझ्याही डोळ्यांना आता सुई दिसत नाही, पण मुलगी दहावीत आहे, तिला घेऊन येतो. सुया किती नंबरच्या लागतात तेवढं सांगा.

खाडीपलीकडची | ३० ऑगस्ट, रात्री ९:३५

व्यक्तिगत निरोप केलाय. जाड, गोधडीच्या. आणि लाल दोरा.